घंटीच्या बटणाची फियाट

अकोला
१२ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
इंदूचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र लिहाची पाळी तुह्या कानांनी आणली. परवा फोनवर मी चार वेळा 'गाडी, गाडी' ओरडली, अन् तू तिकडून 'हो, जेवलो' म्हणून ठेवून दिला. शेजारची मैनाबाई कंपाउंडवरून ऐकून राहिली होती. तिनं गल्लीभर सांगितलं, की इंदूबाईच्या भावाले ताटात फियाट वाढली.

गोठ अशी. हे गेले त्याले येत्या मे महिन्यात दोन वर्षं होतात. ह्यांची फियाट आंगणात उभी आहे तशीच आहे. तुह्या भाच्यानं, सुगतनं नवी मोठी गाडी घेतली, ती रस्त्यावर उभी राहते. त्याले फियाटची जागा पायजे. सूनबाई माधवी म्हणते, त्या डब्यात उंदरं झाली. उंदरं नाहीत दादा, मी रोज पाहते. संध्याकाळी आंगण झाडून झालं की मी तिच्यात जाऊन बसते. काही करत नाही. नुसती बसते.

ह्यांनी मले चाळिसाव्या वर्षी तिच्यावर शिकवलं. तेव्हा आपल्या वस्तीत बाई सायकलवर बसली तरी लोक तव्यावरची भाकर जळू देऊन पाहाले येत. माह्या हातात चाक देऊन हे मागच्या सीटवर पेपर वाचत बसले, साहेबासारखे. मी घाबरून विचारलं, समोरून ट्रक आला तं? हे म्हणाले, त्यालेही रस्ता पायजेच आहे, तो काहून तुह्या अंगावर येईन?

आता सुगतनं शब्द टाकला. ३१ मार्चच्या रविवारी, आठ दिवस उभी ठेवल्यावर, गाडी धक्का न देता, एका चाबीत चालू झाली तं भंगारात जाणार नाही. नाही झाली तं सोमवारी भंगारवाला. अडचण एकच आहे. आठ दिवस उभी राहिली की चालू व्हाले इतकी कुरकुर करते, की तोवर बॅटरी मरून जाते. मेकॅनिकनं पाहिली. म्हणे, इंजिन खणखणीत आहे, पण पेट्रोल वरपर्यंत पोहोचत नाही.

तू जन्मभर शेंदूरजनाघाटच्या संत्रेवाल्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी तार गुंडाळून भरल्या, कोणत्या शाळेत न जाता. बहिणीच्या गाडीत थेंबभर पेट्रोल चढवता येते का पाय. घरात दुसरी माही म्हणावी अशी वस्तू मले दिसत नाही.

वयनीले जयभीम. आहे तो जिव्हाळा सांभाळून ठेव.

तुही,
इंदू

*

अमरावती
१७ फेब्रुवारी २०२४

चि. इंदूस,
डोमाजीचे अनेक आशीर्वाद. विशेष.

पत्र पोहोचलं. तुही वयनी पार्बता म्हणते, बहिणीचं पत्र आलं की हा माणूस चष्मा न लावताच वाचते. मैनाबाईले सांग, फियाट बरी लागली, मीठ जरासं कमी होतं.

तुह्या गाडीचं दुखणं मले वाचल्या वाचल्या समजलं. म्हातारं माणूस सकाळी उठल्यावर घोटभर पाणी मागते, तशी गाडी आहे. उभ्या उभ्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जाते. आजकालचं पेट्रोल तं झाकण उघडलं की हवेत पाहुणचाराले निघते. आता इंजिनजवळचा जुना पंप इंजिन फिरल्याशिवाय हालत नाही, अन् इंजिन पेट्रोल आल्याशिवाय चालू होत नाही. दोघंही एकमेकाच्या तोंडाकडे पाहत बसतात, अन् मधात बॅटरीचा जीव जाते.

इलाज आहे. एक लहान विजेचा पंप. तो आपल्या अश्विनच्या हाती पाठवून राहिलो. तो कंडक्टर आहे, वलगाववरून त्याची अकोल्याची फेरी असते. पंप मी टेबलावर चालवून पाहिला. मले आवाज येत नाही, म्हणून त्याच्या पोटावर बोट ठेवलं. टक टक टक, कोंबडीच्या पिल्लासारखा. कमी जोराचा मुद्दाम घेतला आहे. जास्त जोराचा घेतला तं कार्बोरेटर बुडून जाईन.

आता काम तू कर. मेकॅनिकले देऊ नको, तो घाईत करून जाईन अन् मग दोष पंपाचा. पंप डिक्कीत टाकीच्या खाली बसव. टाकीतून येणारी नळी काप, मधात पंप टाक, दोन्हीकडून पट्ट्या कस. जुना पंप तसाच राहू दे. गाडी चालू झाली की पुढचं तोच पाहते. बॅटरीवरून एक वायर काढ, पहिले फ्यूज, मग रिले, मग पंप. बिना फ्यूजची वायर पेट्रोलच्या टाकीजवळ नेशीन तं मी येऊन तुह्या कानाखाली काढीन, बहात्तराव्या वर्षीसुद्धा. स्टेअरिंगच्या चाकाखाली एक बटण लाव. ते घराच्या घंटीचं असते तसं, दाबून धरलं तोवरच चालणारं. हात काढला की पंप बंद. साधं स्विच लावलं तं माणूस विसरते, अन् पंप पेट्रोल ओतत राहते. त्या बटणाच्या अंगात एवढा करंट झेलाचा दम नाही, म्हणून मधात रिले, मोठा करंट तो झेलते. बटणाची वायर चाबीवरून घे, म्हणजे चाबी नाही तं पंप नाही.

कागदावर आकृती काढून सोबत जोडली. लाल वायर लाल पेन्सिलीनं दाखवली आहे, काळी काळ्या. इतकं सोपं केलं आहे की माधवीसुद्धा लावू शकते, पण तिले देऊ नको.

भिऊ नको. आपल्या मायनं आयुष्यात घड्याळ पाहिलं नव्हतं, पण गिरणीच्या भोंग्याआधी पाच मिनिटं तिची भाकर तयार असे. हात शिकतात.

पार्बतानं तिळाचे लाडू दिले आहेत. अश्विननं रस्त्यात खाल्ले नसतील तं मिळतील.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुहा दादा,
डोमाजी

*

अकोला
२ मार्च २०२४

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

लाडू सहा पाठवले असतीन तं तीन पोहोचले.

तू तिथून उंटावरून शेळ्या हाकल्या, पण शेळ्या घरी आल्या बाप्पा. बारा दिवस लागले. मी ह्यांचा जुना शर्ट घालून डिक्कीत डोकं खुपसून बसे. नातवंडं आली की मोबाइलवर फोटो काढत. माधवीनं त्यांच्या ग्रुपवर टाकला. 'सासूबाईंचे गॅरेज, पंक्चर काढून मिळेल.' तिच्या माहेरच्यांनी हसण्याचे किती चेहरे पाठवले, ते तिनं मले मोजून दाखवले. मी म्हटलं, पंक्चरचं सामान कुठं मिळते ते विचार त्यायले.

पहिल्या दिवशी बटण दाबलं अन् काहीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी मी डिक्कीत बसून रडली, तुले खोटं काहून सांगू. सुगत ऑफिसातून आला. म्हणे, आई, ह्या वयात माणसानं काय काय करू नये याची यादी लिहून देऊ का? मग तुही आकृती पुन्हा वाचली. काळी वायर उघड्या पत्र्याले लावाची, असं तू लिहिलं होतं. मी लावली होती रंगावर. ह्यांनी त्या डिक्कीले आतून दोन वेळा रंग मारला होता, हौसेनं. पॉलिश पेपरनं ह्यांचा रंग रुपयाएवढा घासून काढला. वाईट वाटलं. पण पत्रा चमकला अन् पंप बोलला.

किती वेळ दाबाचं ते तू लिहिलं नव्हतं. कमी दाबलं तं गाडी उचलत नव्हती. जास्त दाबलं तं पेट्रोलचा भपकारा. मग मी 'बुद्धं सरणं गच्छामि'पासून त्रिसरण म्हणून पाहिलं. बटण धरून एकदा पूर्ण, तिन्ही वेळचं, सावकाश. शेवटच्या सरणंले बोट काढलं, चोक ओढला, चाबी फिरवली. दादा, अशी उचलली की आंगणातली कबुतरं उडाली! मैनाबाई लाटणं घेऊन बाहेर आली.

सुगतही आला. हाताची घडी घालून उभा राहिला. मग त्यानं बारीक सारीक सगळं विचारलं. किती दिवस उभी ठेवून चालू होईन, लांब नेली तं बंद पडन का, गरम झाल्यावर उचलते का. त्यानं बापाच्या गाडीत इतकं मन कधी घातलं नव्हतं. मले लय बरं वाटलं.

आता २९ दिवस. रोज एकदा चालू करते.

तुह्या हाताले यश आहे, तसंच प्रेमालेही राहो.

तुही,
इंदू

*

अमरावती
७ मार्च २०२४

चि. इंदूस,
अनेक आशीर्वाद. विशेष.

तुहं पत्र मी पार्बताले तीन वेळा वाचून दाखवलं. चौथ्या वेळेस ती म्हणाली, आता तिले आमदार करा. रंगावरची काळी वायर, ही चूक मी स्वतः एकोणीसशे ऐंशीत केली होती अन् मालकाची शिवी खाल्ली होती. म्हणजे तू रीतसर कारागीर झाली.

रोज चालू करू नको. परीक्षा आठ दिवस उभ्या गाडीची आहे. शेवटचे आठ दिवस हात लावू नको, मनाले दगड बांध. बॅटरीच्या टोकांले व्हॅसलीन लाव.

पोराच्या मनात आलं हे चांगलं झालं. बापाचं रक्त कुठं जाते? उशिरा का होईना, वळते.

आठवण ठेवच, पत्राचा आळस तेवढा सोड.

तुहा दादा,
डोमाजी

*

अकोला
५ एप्रिल २०२४

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तू सांगितलं तसं मी आठ दिवस गाडीले हात लावला नाही.

रविवारी सुगतसोबत तिघं पाहुणे आले. त्यानं ओळख करून दिली, जुन्या गाड्यांचे शौकीन आहेत. मी पोहे केले, चहा केला, ह्यांनी घेतलेलं निळं लुगडं नेसली. त्रिसरण म्हटलं, चाबी फिरवली. पहिल्या झटक्यात उचलली. सगळ्यांनी वाहवा केली. एकजण म्हणाला, आजी, पुन्हा. मी बंद करून पुन्हा केली. तिसऱ्यांदा त्यानं मोबाइल धरला अन् म्हणाला, आजी, तुम्ही जरा खाली वाकून बसा, फक्त गाडी दिसू द्या. मी वाकून बसली अन् चालू करून दिली. मले इतका आनंद होता, की त्यानं सीटखाली बस म्हटलं असतं तं तिथंही बसली असती.

मंगळवारी सुगत म्हणाला, चल आई, आज तू चालव, मूर्तिजापूर रोडनं एक चक्कर मारू. दोन वर्षांनी मी रस्त्यावर चाक धरलं. तो बाजूले बसला होता. मी त्याले त्याच्या बापाच्या गोठी सांगत गेली. त्यानं एका लग्नाच्या लॉनमधी गाडी वळवाले लावली. म्हणे, इथं सावलीत लाव. तिथं रविवारचे पाहुणे उभे होते. किशोरशेठ म्हणून त्या लॉनचा मालक आहे, तो त्यातलाच. त्यानं हात पुढं केला. मले वाटलं जयभीम करते. तो चाबी मागून राहिला होता.

नवरा-नवरीचे फोटो काढाले गाडी घेतली म्हणे. चालू गाडीच पायजे होती त्याले, धक्क्याची असती तं घेणार नव्हता. हे त्यानं माह्यासमोर सुगतले सांगितलं, माही तारीफ म्हणून. हे गेले तेव्हा वारसाच्या कागदांवर मी सुगत म्हणन तिथं सह्या केल्या होत्या, त्यात गाडीही गेली होती.

मी सुगतले म्हटलं, तुहा शब्द? तो म्हणाला, आई, भंगारात जाणार नाही म्हणालो होतो. गेली का भंगारात?

त्याच्या दोस्ताच्या मोटरसायकलवर मागं बसून घरी आली. दादा, गाडी मी चालू नसती केली तं कोणी घेतलीच नसती. जास्तीत जास्त भंगारवाला आला असता, अन् त्याच्या पाया मी पडली असती.

आंगणात आता सुगतची गाडी आहे. ती काळ्या काचांची आहे, आतलं दिसत नाही.

वयनीले जयभीम. प्रेम असू दे.

इंदू

*

अकोला
२९ एप्रिल २०२४

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

तू सुगतले लिहिलेलं पत्र घरात पोहोचलं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं, 'हरामखोर'पर्यंत. मग माधवीनं कपाटावर ठेवून दिलं.

इकडं एक नवं झेंगट माह्या मागं लागलं आहे. लॉनवाल्याच्या माणसांकडून गाडी चालूच होईना. कोणी बटण टिचकी मारल्यासारखं दाबे, कोणी धरून ठेवे अन् कार्बोरेटर बुडवे. एक लग्न तसंच गेलं, वऱ्हाड्यांनी गाडी ढकलली. मग किशोरशेठचा माणूस घरी आला. म्हणे, त्या म्हाताऱ्या बाईले पाठवा, तिच्याच हातानं उचलते. तेव्हापासून लग्न असलं की मले जावं लागते.

लय तरास आहे. ऊन असं की रस्त्यावर पापड भाजावा. फोटोत येते म्हणून मले मांडवामागं बसवतात, भांडीवाल्यांजवळ. परवा एका नवरीनं मी उतरल्यावर सीटवर सेंट मारला. तो तिनं माह्या समोरच मारला. एक फोटोवाला मले 'ए सेल्फ स्टार्टर' म्हणून हाक मारते. सगळे हसतात.

ऑटो मिळत नाही म्हणून मी तासभर आधीच जाते. बसल्या बसल्या काय करणार, काचा पुसते, डॅशबोर्ड पुसते. लोकांनी अक्षता टाकल्या असतात, त्या सीटच्या फटीतून वेचते. इंजिन गरम व्हाले दोन मिनिटं पुरतात, पण त्यायले काय समजते? मी सांगितलं पंधरा मिनिटं लागतात. मग पंधरा मिनिटं बसावं लागते, चाक धरून. काय सांगू तुले. ह्या वयात हे भोग.

येत्या रविवारी पुन्हा आहे. निळं लुगडं धुवून टाकलं आहे.

माया असू दे.

तुही,
इंदू

*

अकोला
६ मे २०२४

ती. मामांस,
सुगतचा सविनय जयभीम.

तुमचे पत्र मिळाले. तुम्ही रागावलात, तो तुमचा अधिकार आहे. मला मात्र आईची काळजी वाटते. प्रत्येक लग्नाला ती भर उन्हात लॉनवर जाते. तिचे गुडघे फार दुखतात. रात्री तेल लावते, पण आम्हाला कळू देत नाही. नको जाऊ म्हटले तर ऐकत नाही. म्हणते, माझ्याशिवाय गाडी चालू होत नाही, लोकांचे लग्न अडते. तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. किशोरशेठलाही तिला दर लग्नाला बोलावण्याची कटकट झाली आहे, तो मलाच बोलतो.

मामा, यंत्र तुमचे आहे. कोणालाही समजेल अशा भाषेत एक पानभर कृती लिहून द्याल का? बटण किती वेळ धरायचे, मग काय करायचे. आईला विचारले तर ती हसते आणि सांगत नाही. तुम्ही लिहून दिलेत तर तिची या वयात सुटका होईल. तुमच्याइतके तिचे हित पाहणारे दुसरे कोणी नाही, हे मी तुमच्याशी कितीही भांडलो तरी मानतो.

कृपादृष्टी आहे तशी राहावी.

आपला,
सुगत

*

अमरावती
१३ मे २०२४

चि. इंदूस,
अनेक आशीर्वाद. विशेष.

तुहं २९ तारखेचं पत्र वाचून मले दोन घास गोड लागले नाहीत. माही बहीण भांडीवाल्यांजवळ बसते, लोक तिले सेल्फ स्टार्टर म्हणतात, अन् सीटवर सेंट मारतात! पार्बता म्हणाली, तुमच्याच पंपानं तिच्या गळ्यात हे लोढणं बांधलं, आता तुमीच सोडवा. खरं बोलली.

म्हणून सोडवलं. सुगतचं पत्र आलं होतं, अन् मी त्याले हरामखोर म्हटलं ते मनातून अर्धं मागं घेतलं. तुह्या गुडघ्यांचं तू मले काहून लिहिलं नाही? तेल लावून झाकते म्हणे. लहानपणी पायात काटा मोडला तरी अशीच चालत राहे, मायले समजू देत नव्हती.

मी एक पान लिहून त्याले धाडलं. मोठ्या अक्षरात, लहान लेकरालेही समजन असं. बटण धरून मनात वीस आकडे सावकाश मोजा, सोडा, चोक ओढा, चाबी फिरवा. जास्त धरू नका. तुहं त्रिसरण मी इथं घड्याळ लावून म्हणून पाहिलं, बरोबर तेवढंच भरलं. आता कोणीही चालू करन. तुले त्या उन्हात कोणी नेणार नाही. पाय वर करून निवांत बैस, अन् मले आशीर्वाद दे. मोठा मी आहे, तरी चालते.

महिनाभर मनाले लागून राहिलं होतं, की इंदूसाठी केलेलं काम इंदूवर उलटलं. आता हलकं वाटते.

पुढच्या महिन्यात इकडं ये. पार्बता वाट पाहून राहिली. आपलेपणा टिकवून ठेव.

तुहा दादा,
डोमाजी

*

अकोला
२० मे २०२४

ती. दादास,
जयभीम. वि. वि.

तुहं पत्र आज दुपारी आलं. परवा आलं असतं तं मी गेली नसती.

काल लॉनवर लग्न होतं. मी नेहमीसारखी तासभर आधी गेली. गेटवरच्या माणसानं विचारलं, कोण पायजे? मी म्हटलं, गाडी. तो म्हणाला, गाडी तं फुलं लावून तयार आहे. आत जाऊन पाहिलं तं डॅशबोर्डवर कागद चिकटवला होता, वरून प्लॅस्टिक लावून. दुरून अक्षर ओळखलं. तुह्यासारखा शेपटीचा 'ळ' दुसरं कोणी काढत नाही.

नवरीची बहीण आत बसली होती, सतरा-अठरा वर्षांची. तिनं कागद मोठ्यानं वाचला. मग बटण धरून सगळ्या पोरी मिळून एक, दोन, तीन ओरडल्या, वीसपर्यंत. पहिल्या झटक्यात उचलली. इतकी चांगली माह्या हातानंही कधी उचलली नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाजूची एक बाई माह्याकडे पाहून राहिली होती, म्हणून मीही वाजवल्या.

किशोरशेठले मी दिसली. तो म्हणाला, आजी, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? आता आल्याच आहात तर जेवून जा, मागच्या मांडवात. मी जेवली. नाही म्हटलं असतं तं काहून आली होती ते सांगावं लागलं असतं.

घरी आली तं सुगत म्हणाला, मामांनी तुझी सुटका केली, त्यांना फोन कर. मग त्यालेच आठवलं की तुले ऐकू येत नाही, अन् तो हसला.

मागच्या पत्रात मी हाल हाल म्हणून लिहिलं होतं. आपल्या घरात बरं चाललं आहे असं कोणी कधी लिहिलं का, दादा? मायनंही कधी सांगितलं नाही. मले वाटलं तुले समजन. पंधरा मिनिटं बसते असं लिहिलं होतं, ते पुन्हा वाचून पाय.

तुह्यावर राग नाही असं लिहाले बसली होती. ते आज लिहित नाही. अमरावतीले सध्या येत नाही. वयनीले जयभीम सांग. तुह्या लोभाचं तू पाय.

अन् एक. माहे गुडघे दुखत नाहीत. कधीच दुखले नाहीत.

इंदू